सुट्टीत घरी सोडू नये

बाई, आज शनिवार आहे. मुलगी ट्यूशनला गेली आहे आणि मी सिंगापुरातल्या आमच्या सेंगकांगच्या ब्लॉकखाली कॉफी शॉपमध्ये कोपऱ्यातलं टेबल धरून बसले आहे. तुम्ही जाऊन बावीस-तेवीस वर्षं झाली. तुम्हाला पत्र लिहायची मला सवय नाही. तुम्ही होतात, पत्ता पाठ होता, तेव्हा लिहिली नाहीत, आणि आता कागद घेऊन बसले आहे म्हणजे माझं डोकं ठिकाणावर नाही असंच तुम्ही म्हणाला असतात. पण काल मी एका अर्जावर सही केली. केनियातल्या एका शाळेचा अर्ज. विद्यार्थिनीला सुट्टीत घरी सोडावे, सोडू नये, असे दोन चौकोन असतात आणि एकात खूण करायची असते. मी ‘सोडू नये’वर खूण केली. ती का केली हे मला तुम्हालाच सांगावंसं वाटलं, कारण दुसऱ्या कुणाला ते सांगून कळणार नाही. सांगायचं तर बरंच मागे जावं लागेल. त्यातलं निम्मं तुम्हाला माहीत आहे, पण ते तुमच्या बाजूने कसं दिसत होतं हे मी तुम्हाला कधी विचारलंच नाही.

आमचं मेंढरांचं बिऱ्हाड. दिवाळी झाली की घोड्यावर भांडीकुंडी, कोंबड्या आणि धाकटी पोरं लादून आम्ही कोकणात उतरायचो, ते पावसाच्या तोंडाशी परत. गावात असू तेवढे चार महिने मी शाळेत यायची. सातवीत असताना आमची मेंढरं शाळेमागच्या रानात बसवली होती. संध्याकाळी वाघुरीची जाळी लावून वडील मेंढरं आत घेत होते आणि मी दाराशी उभी राहून मोजत होते. तुम्ही वह्या तपासायला थांबला होतात आणि खिडकीतून बघत होतात. मी मोजून म्हटलं, दोन कमी आहेत. वडील म्हणाले, नाहीत. मी पुन्हा म्हटलं, दोन कमी. ती दोन ओढ्यात सापडली. दुसऱ्या दिवशी तुम्ही छत्री घेऊन सरळ आमच्या बिऱ्हाडावर आलात आणि वडिलांना म्हणालात, “ही मुलगी माझ्याकडे ठेवा. तुम्ही मेंढरं घेऊन खुशाल जा.” वडील पागोटं सोडून पुन्हा बांधू लागले. मला वाटलं, झालं, आता नाही म्हणणार. तेवढ्यात आई चुलीपुढून उठली, हात पदराला पुसले आणि म्हणाली, “न्या बाई. माझ्यावानी घोड्यामागं चालायला नगं तिला.” माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा निर्णय असा पीठ मळता मळता झाला.

तुमचं घर म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत पुस्तकं आणि मागच्या खोलीत स्टोव्ह. तुम्हाला स्वयंपाक येत नव्हता, हे आता सांगायला हरकत नाही. आमटीत मीठ विसरायचात आणि मी कधी बोलले नाही, कारण मला वाटायचं शिकलेल्या लोकांची आमटी अशीच असते. पहिल्या दिवाळीत बिऱ्हाड निघून गेलं तेव्हा मी मागच्या खोलीत स्टोव्हजवळ बसून रडत होते. तुम्ही आलात, माझ्यापुढे वही टाकलीत आणि म्हणालात, “रडायचं असेल तर ही पाच गणितं झाली की रड. मग मी काही म्हणणार नाही.” मी पाचही सोडवली. शेवटच्या गणितात इतकी अडकले की रडायचं राहून गेलं. तुम्ही वही पाहिलीत, चौथ्या गणितातली चूक दाखवलीत आणि कपाटातून एक कंपासपेटी काढून दिलीत. नवी नव्हती. आतल्या झाकणावर तुमचं माहेरचं नाव कोरलेलं होतं. ती पेटी मी पुण्याला नेली, इथे आणली, आणि आता माझी मुलगी तिच्यात रबरबँड ठेवते.

हे सगळं मी विसरले नव्हते. मला आठवत होतं ते दहावीचं वर्ष, आणि त्याच्यापुढे बाकी सगळं आठवूनही न आठवल्यासारखं झालं होतं. मार्चमधली गोष्ट. मी शाळेत होते तेव्हा चुलते कोकणातून आले आणि तुमच्या दारात उभे राहून म्हणाले, “तिची आय लई आजारी हाय. पोरीला घिऊन ये म्हणलंय दादानं.” तुम्ही त्यांना चहा दिलात आणि सांगितलंत, परीक्षा झाल्यावर पाठवते. ते परत गेले. आठवड्याने दुसरा निरोप आला, तोही तुम्ही ठेवून घेतलात. मला यातलं काहीच माहीत नाही. मी सकाळी उठते आहे, प्रमेयं पाठ करते आहे, तुम्ही मला दूध देता आहात. तेवढं एक मला नंतर फार छळायचं. ते दूध तुम्ही माझ्या हातात कसं देऊ शकलात? शेवटचा पेपर झाला तेव्हा तुम्ही शाळेच्या फाटकाशी उन्हात उभ्या होतात. कधी येत नव्हतात, त्या दिवशी आलात. घरी नेलंत, जेवायला वाढलंत, माझं ताट संपेपर्यंत थांबलात आणि मग ते दोन्ही निरोप सांगितलेत.

आपण दोघी एसटीने घाट उतरून गेलो. बिऱ्हाड एका आंब्याच्या बागेत उतरलं होतं. आईला जाऊन सहा दिवस झाले होते. घोडं तेच, तीन दगडांची चूल तशीच, आणि चुलीपुढे आत्या. वडील उठले. पाण्याचा तांब्या तुमच्यापुढे ठेवला आणि लांब जाऊन बसले. आत्या मात्र बोलली. “दोन डाव निरोप धाडला. तिच्या डोळ्यांदेखत हिचं माझ्या लेकाशी लगीन बी लावून टाकलं असतं, म्हातारी सुखानं गेली असती.” म्हातारी म्हणजे आई. चाळिशीचीही नव्हती. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. त्या पाहण्यात ‘ऐकलंस ना?’ असं होतं, हे मला तेव्हाही कळलं होतं. पण मला काय त्याचं? लग्न होणार होतं, हेही खरं होतं आणि आई मरत होती, हेही खरं होतं. तुम्ही एक वाचवलंत आणि दुसरं माझ्यापासून काढून घेतलंत. परतीच्या एसटीत मी तुम्हाला एवढंच म्हटलं, “तुम्ही मला विचारायला हवं होतं.” तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, “विचारलं असतं तर तू गेली असतीस.”

त्यानंतर मी तुमच्याशी नीट कधी बोलले नाही. तुमच्याच ओळखीने पुण्याच्या होस्टेलमध्ये जागा मिळाली, फीचं सगळं तुम्हीच पाहिलंत, आणि मी ट्रंक घेऊन निघाले तेव्हा पाया पडले तेसुद्धा लोक बघत होते म्हणून. तुमची कार्डं यायची. दर महिन्याला एक. त्यात प्रेमाचा शब्द औषधालाही नसायचा. गणित कसं चाललं आहे, सकाळी लवकर उठतेस का, दूध मिळतं का. त्या ‘दूध’ शब्दाशी आलं की मी कार्ड उलटं ठेवायची.

पुढचं तुम्हाला माहीत नाही. मी इंजिनिअर झाले, लग्न केलं, स्वतःच्या मर्जीने केलं, आणि नवऱ्याच्या मागोमाग एम्प्लॉयमेंट पासवर सिंगापूरला आले. आता पी.आर. आहे, इथली कायमची रहिवासी. रोज सकाळी सेंगकांगहून एमआरटी पकडते, सेरांगूनला बदलते, पाया लेबारच्या ऑफिसात नवव्या मजल्यावर बसते आणि दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका काढते. तुमचाच धंदा म्हणायचा. तिथे एक चिनी मैत्रीण आहे. ती सुट्टी टाकून केनियात एका मुलींच्या शाळेत शिकवायला गेली होती. आल्यावर तिने जेवणाच्या सुट्टीत आम्हाला फोटो दाखवले. मसाई लोकांच्या मुलींची शाळा. तिथे बाप गाई घेऊन मुलीचं लग्न लावून देतो, मुलीचं शिक्षण तिथेच संपतं, म्हणून शाळा एकेका मुलीला फी भरणारी स्पॉन्सर शोधून देते. मी डबा खात खात बघत होते. एका फोटोत काट्यांचं कुंपण होतं, त्याच्या दाराशी हातात काठी घेतलेली एक मुलगी उभी होती आणि तिच्या पायांशी मेंढरं. खोटं कशाला सांगू, मी मुलीआधी मेंढरं पाहिली. जाड शेपटीची, आमच्यासारखी नव्हेत, पण दाराशी तशीच एकमेकांच्या अंगावर चढत आत शिरणारी. मुलगी त्यांच्याकडे बघत होती, कॅमेऱ्याकडे नाही. मोजत होती, बाई. ओठ हलत असलेले फोटोत दिसत होते. मैत्रीण इथल्या बोलीतलं ‘लाह’ लावून म्हणाली, “जस्ट वन गर्ल लाह. यू थिंक फर्स्ट.” मला विचार करायचा नव्हता, मी त्याच मुलीची स्पॉन्सर झाले.

ती तेव्हा तेरा-चौदा वर्षांची होती आणि नुकतीच हायस्कुलात आली होती. दर सहामाहीला तिचं पत्र यायचं. आखलेल्या कागदावर, इंग्रजीत, प्रत्येक अक्षर दाबून काढलेलं. पहिल्या पत्रात तिने लिहिलं होतं की आमचं घर आईने स्वतःच्या हातांनी बांधलं आहे, काठ्या आणि शेणाने, आणि तुमचं घर कोणी बांधलं? मी उत्तरात लिहिलं, सरकारने. तिला ते फार विनोदी वाटलं असावं. दुसऱ्या वर्षी तिने लिहिलं की सुट्टीत घरी गेले तेव्हा वडिलांनी गुरांचं औषध आणलं होतं, मी बाटलीवरचं वाचून सांगितलं की हे औषध मुदत संपलेलं आहे. व्यापाऱ्याला ते परत घ्यावं लागलं. आता आजूबाजूच्या वस्तीतले म्हातारे मला बाटल्या वाचायला बोलावतात. मला बसायला स्टूल देतात. बायकांना ते स्टूल कधी देत नाहीत. तिच्या आईला हे कळलं तेव्हा तिने मण्यांची एक नवी माळ करून तिच्या गळ्यात घातली. वडील लोकांना सांगतात, ही माझी वाचणारी मुलगी. ते पत्र मी एमआरटीत उभ्याने वाचलं आणि सेरांगूनला उतरायचं विसरले. तिला डॉक्टर व्हायचं होतं, गुरांची. मी तिला उत्तरात नेमकं काय लिहिलं माहीत आहे? गणित कसं चाललं आहे, सकाळी लवकर उठतेस का.

त्या शाळेची एक रीत होती, ती इथे सांगायला हवी. तिसऱ्या वर्षापासून मुलींना डिसेंबरच्या लांब सुट्टीत घरी सोडायचे नाहीत. लग्नं लागतात ती त्याच सुट्टीत, आणि लग्नाआधी मुलींची सुंता करतात तीही त्याच सुट्टीत. पण बाप शाळेच्या दारात येऊन उभा राहिला तर मुख्याध्यापिका एकट्या किती भांडणार? त्याच माणसांत त्यांना राहायचं. म्हणून त्यांनी अशी पद्धत पाडली होती की स्पॉन्सर म्हणजे मुलीची दुसरी आई, आणि तिच्या लेखी परवानगीशिवाय मुलगी शाळेबाहेर पडत नाही. बाप कितीही चिडला तरी मुख्याध्यापिका हात वर करून म्हणायच्या, मी काय करू, तिची सिंगापूरची आई नको म्हणते. समुद्रापलीकडच्या बाईशी भांडायला जाणार कोण? पहिल्या वर्षी त्यांनी मला हे पत्रात समजावून लिहिलं होतं. मी वाचलं, चांगलं आहे म्हटलं आणि विसरले. तुमच्या पाठीमागे अशी समुद्रापलीकडची कुणी नव्हती. तुमच्या दारात चुलते उभे राहिले तेव्हा तुम्हाला स्वतःच नाही म्हणावं लागलं.

तिचं तिसरं वर्ष संपत आलं होतं. नोव्हेंबरचा शेवट. माझी मुलगी तेव्हा दहा वर्षांची होती आणि डेंग्यूने नोव्हेनाच्या हॉस्पिटलात होती. तीन दिवस तिचा ताप उतरत नव्हता. एरवी घरी मी मराठीत बोलायचं आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं असं आमचं चालतं, पण त्या दिवशी दुपारी तिने डोळे उघडले, माझा हात धरला आणि म्हणाली, “आई, डोन्ट गो लाह. इथेच बस.” मी बसले. फोन वाजला म्हणून एका हाताने पाहिलं, तर मुख्याध्यापिकांची मेल. मुलीचा बाप आला आहे. आई फार आजारी आहे, मुलीला बघायला मागते आहे, असं म्हणतो. मुलगी रडते आहे, जायचं म्हणते आहे. तुमचं काय म्हणणं आहे ते कळवा, तो बाहेर थांबला आहे.

बाई, मी ती मेल एकदाच वाचली. तो बाहेर थांबला आहे, या शब्दांशी मला माझे चुलते दिसले, हातात तुमचा चहाचा कप. मला आंब्याची बाग दिसली. ज्याची मी पंचवीस-सव्वीस वर्षं वाट पाहत होते ते माझ्या हातात आलं होतं. मला वाटलं, या वेळी तरी कुणीतरी त्या मुलीला विचारलं आहे आणि तिने जायचं म्हटलं आहे. मी लिहिलं, तिला जाऊ द्या, आजच पाठवा, पोरीला आईपासून अडवण्याचा हक्क कुणालाही नाही. शेवटचं वाक्य तुम्हाला उद्देशून होतं. ते मी मुख्याध्यापिकांना पाठवलं. पाठवून झाल्यावर मला इतकं हलकं वाटलं की मुलीच्या केसांवरून हात फिरवत मी तिथेच खुर्चीत झोपले. दुसऱ्या दिवशी तिचा ताप उतरला, आणि मला वाटलं माझं पुण्य कामाला आलं.

जानेवारीत शाळा उघडली. ती आली नाही. मुख्याध्यापिका दोन दिवस थांबल्या आणि मग स्वतः तिच्या वस्तीवर गेल्या. काट्यांच्या कुंपणाशी मुलीची आई त्यांना सामोरी आली. धडधाकट. गाईचं दूध काढून येत होती, आणि रीतीप्रमाणे तिने पाहुणीला आधी दूध दिलं. मग खाली बघत सांगितलं की मुलीचं लग्न झालं. नवऱ्याची वस्ती दोन दिवसांच्या वाटेवर आहे. आईला आजारपणाचं काही माहीत नव्हतं. मुलगी धावत आत आली तेव्हा तीच दचकली, म्हणाली, तू इकडे कशी? मुख्याध्यापिका पुढे त्या वस्तीवरही गेल्या. पोलिसांत जाऊ म्हणाल्या, कायदा आहे. मुलगी नको म्हणाली, आईला वस्तीत राहू देणार नाहीत म्हणाली. हे सगळं त्यांनी मला सविस्तर लिहिलं. रागाचा एक शब्द नव्हता. शेवटी फक्त एक ओळ होती. तुम्ही हो म्हणाल असं मला कधी वाटलं नव्हतं, आम्ही तुम्हाला विचारलं ते आम्हाला ‘नाही’ हवं होतं म्हणून.

पाया लेबारच्या पँट्रीत उभी राहून मी ते वाचलं. मैत्रिणीने विचारलं, काय झालं? मी हातातला कप धुवायला घेतला. मला रडू येत होतं आणि त्याहून जास्त तुमचा राग येत होता. हो, तुमचा. तुम्ही मला सोडलं असतंत, तर मीही तिला अडवलं असतं. माझं लग्न लागलं असतं, मी घोड्यामागे चालत राहिले असते आणि मग मी सिंगापुरात नसते, असा हिशोब कुणीही मांडून दाखवेल, पण रागाला हिशोब कळत नाही. दोन्ही निरोप शब्दाला शब्द सारखे. माझ्या वेळचा खरा होता, तुम्ही तो खोटा धरलात. तिच्या वेळचा खोटा होता, मी तो खरा धरला. दारातल्या माणसाच्या चेहऱ्यावर काही लिहिलेलं असतं का? तुम्ही चुलत्यांना चहा दिलात तेव्हा तुम्हाला ‘घेऊन जा’ म्हणावंसं वाटलं होतं का, हे मी तुम्हाला विचारलं नाही. त्या पंधरा-वीस दिवसांत तुम्ही झोपलात का, हेही नाही. मला वाटायचं तुम्हाला काही वाटलंच नसेल. दूध देत होतात ना.

पुढची दोन वर्षं मी कुणालाच स्पॉन्सर केलं नाही. शाळेने विचारलं, मी टाळलं. माझ्यासारखीच्या हातात कुणाची मुलगी देऊ नये असं मला वाटत होतं, आणि त्यात काही चुकीचं होतं असं अजूनही वाटत नाही. मग गेल्या महिन्यात मुख्याध्यापिकांची मेल आली. सोबत आखलेल्या कागदाचं पत्र. अक्षर तेच, दाबून काढलेलं. मुख्याध्यापिकांनी लिहिलं होतं की ती चालत आली. पाठीला मूल बांधलेलं आणि हाताला धरून धाकटी बहीण. शाळेच्या ऑफिसात खुर्ची दिली तर आधी बहिणीला बसवलं. नवऱ्याला काय सांगून आलीस असं विचारलं तर म्हणाली, त्याच्या गुरांची औषधं मी वाचते, मी नसले तर त्याची गुरं मरतील, हे त्याला माहीत आहे, तो मला एवढ्यासाठी काही म्हणणार नाही. आणि मग तिथेच बसून मला पत्र लिहिलं.

ते पत्र मला पाठ झालं आहे. मी आईला भेटले, ती बरी होती, म्हणून मी तुमच्यावर रागावलेली नाही. मला एक मुलगा आहे. मी अजून वाचते. ही माझी बहीण, माझ्यापेक्षा हुशार आहे, तिला माझ्या जागी घ्या. तिला सुट्टीत सोडू नका. आई आजारी आहे असं म्हणाले तरी सोडू नका. मी आजारी आहे असं म्हणाले तरी सोडू नका. मी स्वतः येऊन मागितली तरी सोडू नका.

एकोणीस वर्षांची मुलगी आहे हो ती. तुम्ही चाळिशी उलटल्यावर ज्या जागी उभ्या राहिलात तिथे ती एकोणिसाव्या वर्षी उभी राहिली. तिचं शिक्षण मी मोडलं, तरी जेवढं झालं होतं तेवढ्याच्या जोरावर तिने बहिणीला कुंपणाबाहेर काढलं. मला त्याचा अभिमान वाटायला हवा आणि वाटतोही, पण गुरांची डॉक्टर होणार होती ती.

काल संध्याकाळी मी जेवणाच्या टेबलावर अर्ज भरत होते. मुलगी समोर गृहपाठ करत होती. तिने अर्ज ओढून वाचला, मोठ्या बहिणीचं पत्रही वाचलं आणि म्हणाली, “बट आई, इफ हर मदर रिअली सिक, देन हाऊ?” मी पेनाचं टोपण काढलं. ती वाट बघत होती. अशा वेळी खोटं बोललेलं तिला लगेच कळतं. मी म्हटलं, “तर ती मला कधी माफ करणार नाही.” मुलगी म्हणाली, “अँड यू ओके?” मी ‘सोडू नये’च्या चौकोनात खूण केली आणि सही केली. कंपासपेटी टेबलावरच होती. सही झाल्याबरोबर मी अर्ज पाकिटात घालून चिकटवून टाकला, मन बदलू नये म्हणून. मग मला कळलं की तुम्हालाही तीच भीती असणार, आणि म्हणूनच तुम्ही चुलत्यांना उभ्याउभ्या चहा दिलात, बसा म्हटलं नाहीत.

आता हे पत्र घडी करून त्या पेटीत रबरबँडखाली ठेवीन, दुसरीकडे कुठे पाठवू? पण एक गोष्ट राहिली आहे, आणि खरं तर तीच सांगायला मी सकाळपासून बसले आहे. मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हा तुमच्या शेजारच्या काकूंचं कार्ड आलं. बाईंना बरं नाही, तुझी फार आठवण काढतात, येऊन जा. मी ते वाचलं आणि मनात पहिल्यांदा आलं, आता कळू दे कसं असतं ते. मग उलटटपाली कळवलं, परीक्षा चालू आहे, संपली की येते. तीन आठवड्यांनी तुम्ही गेलात. काकू नंतर भेटल्या तेव्हा मला बरं वाटावं म्हणून सांगू लागल्या, तुझं कार्ड मी बाईंना दोनदा वाचून दाखवलं, एवढ्या दुखण्यात तोंडावर हसू आलं त्यांच्या, म्हणाल्या, बरोबर केलं पोरीने, परीक्षा आधी, तिला मुळीच बोलावू नका. हे मी आजवर नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. परीक्षा नव्हती, बाई. दिवाळीची सुट्टी लागली होती, सगळ्या मुली घरी गेल्या होत्या, आणि होस्टेलवर मी एकटीच होते.